निरोप समारंभाची साडी

१४ जून, रविवार. उद्या शाळा उघडणार, म्हणून आज गॅदरिंगची ट्रंक बाहेर काढली. एप्रिलनंतर तिला कुणी हात लावला नव्हता. आभाळ भरलेलं होतं, ऊन नावालाच, पण वारा चांगला होता. तेवढ्यावर कुबट वास जाईल असं धरून मी साड्या व्हरांड्याच्या कठड्यावर एकेक पसरत गेले. या साड्या आम्हा शिक्षिकांच्याच. नेसून कंटाळा आला की शाळेला द्यायच्या, लेझमीला आणि कोळीनाचाला उपयोगी पडतात. दोन उंदरांनी कुरतडल्या होत्या, त्या पोतेऱ्यासाठी बाजूला टाकल्या. तळाला मोरपंखी निघाली, गोळा करून कोंबलेली. निऱ्यांची पिन जागच्या जागी. सोबतच्या ब्लाउजला दोन्ही बाजूंनी पिना, पाठीला आणखी. घाईने अंगावरून ओढून काढली होती, घडी घालायला कुणी थांबलं नव्हतं. पिना गंजल्या होत्या. मी पायरीवर बसले आणि कापड फाटू नये म्हणून सावकाश एकेक सोडवायला घेतली.

ही साडी कोण नेसलं होतं ते मला आठवावं लागलं नाही. पिना मीच लावल्या होत्या.

आमची शाळा बारामतीहून भिगवणला जाताना एका फाट्यापासून आत आहे. वर्ग सातवीपर्यंत. आठवीला मुलं फाट्यावरून एसटी धरून मोठ्या शाळेत जातात. मी बारामतीत राहते, स्कूटीवर येते-जाते, आणि बरीच वर्षं या एकाच शाळेत आहे. सहावी-सातवीला मराठी आणि इतिहास शिकवते, पण मुलांच्या लेखी माझा खरा विषय शिस्त. भिंतीवर रंगवलेले नियम माझ्याच सांगण्यावरून रंगवलेले आहेत. प्रार्थना सुरू झाली की गेट बंद. केसांच्या दोन वेण्या, काळी रिबीन. मेंदी नाही, बांगड्या नाहीत. नखं कापलेली. किल्ल्यांच्या जुडग्यात नेलकटर असतं माझ्या, त्यावरून मुलांनी मला नाव ठेवलंय आणि ते मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे.

शिस्तीबरोबर आधाराचंही काम असतं. प्रत्येक शिक्षकाला काही मुलं दत्तक वाटून देतात. त्यांच्या घरी जायचं, अडचणी विचारायच्या, शाळा सुटू द्यायची नाही. अपेक्षा एकच: सातवी झालेली प्रत्येक मुलगी आठवीत बसलेली दिसली पाहिजे. ही साडी नेसलेली मुलगी सातवीत होती आणि ती माझ्या वाटणीला आली होती. उंच, हाडापेराने मोठी, आणि तोंडाने त्याहून मोठी. अभ्यासात मध्यम. अपूर्णांक तिला शेवटपर्यंत जमले नाहीत आणि त्याचं तिला काही वाटलंही नाही. पण भिंतीवरच्या एकूण एक नियमाला तिचा प्रश्न असायचा.

"मॅडम, गेट का बंद करायचं?"

"उशिरा येणाऱ्याला कळावं म्हणून."

"त्याला कळल्यालंच असतंय की. गेट लावल्यावर निस्तं भिंतीवरून चढावं लागतंय. त्यात आणखी उशीर."

"आन बांगड्या का न्हाय?" ती लगेच पुढचा नियम धरायची.

"फुटतात. लागतं."

"गणिताचे सर खडू मारत्यात त्यो न्हाय व्हय लागत?"

वर्ग हसायचा. मलाही हसू यायचं, मी फळ्याकडे वळायचे. तिच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा पुढे काय करायचंय विचारलं. दुसऱ्या मुली अशा वेळी नर्स, पोलीस, कलेक्टर असं काहीतरी सांगतात. ती म्हणाली, "आठवीचं काय न्हाय मॅडम, मला यष्टीनं जायचंय. खिडकीला बसून. आन भिगवणला उतरल्यावर वडापाव." मला ते उत्तर आवडलं. त्यात खोटं काही नव्हतं.

निरोप समारंभ एप्रिलमध्ये असतो. सहावीची मुलं सातवीच्यांना निरोप देतात, फुगे लावतात, पोहे करतात, रडारड होते. आणि सातवीच्या मुली साड्या नेसतात. हे कुणी सुरू केलं माहीत नाही. मी या शाळेत आले तेव्हापासून आहे, आणि आसपासच्या सगळ्या शाळांत आहे. मुली सहावीपासून ठरवून ठेवतात, आईची कुठली, मावशीची कुठली. यंदा मी शिक्षकांच्या बैठकीत म्हटलं की निरोप गणवेशातच करू. कारण साधं होतं. साडीत धड चालता येत नाही, मागच्या वर्षी एक पायरीवरून पडली होती, आणि सकाळचे दोन तास पिना लावण्यात जातात.

मुख्याध्यापक म्हणाले, "होऊ द्या हो मॅडम. पोरींची एवढी एकच हौस असते. वर्षभर तुमच्याच वेण्या घालतात की त्या."

बाकीचे हसले. विषय संपला.

त्या दिवशी सगळ्या साडीत आल्या. ती तेवढी गणवेशात आली, दोन वेण्या, काळी रिबीन, नियमाप्रमाणे. मागच्या बाकावर जाऊन बसली आणि कुणाशी बोलेना. विचारलं तर म्हणाली, "आयनं दिली न्हाय. म्हटली, माझी साडी मिळायची न्हाय, जायचं तर शाळंच्या कापडात जा. आत्याची मागितली तर तिलाबी दिऊ दिली न्हाय."

आई कंजूष म्हणून मी सोडून दिलं. वर्षभर बडबडणारी मुलगी शेवटच्या दिवशी मुकी बसलेली मला बघवेना, आणि माझ्याकडे ट्रंकेची किल्ली होती. मोरपंखी साडी माझीच, मीच ट्रंकेत टाकलेली. ब्लाउज सैल होता तो पिनांनी आत घेतला. निऱ्या मीच घातल्या. तिच्या मैत्रिणीने, शाळेशेजारीच राहते ती, स्वतःची लिपस्टिक लावून दिली. आरसा नव्हता म्हणून ती खिडकीच्या काचेत बघून आली आणि म्हणाली, "मॅडम, म्या तर तुमच्यापेक्षा मोठी दिसाय लागले की."

खरंच दिसत होती. वर्गात जी थोराड वाटायची, ती साडीत लग्नाच्या वयाची बाई वाटत होती.

कुठलाही कार्यक्रम झाला की आमच्याकडे फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकतात. कार्यक्रम झाल्याचा तोच पुरावा. एका सहकारी बाईंनी प्रत्येक मुलीचा वेगळा फोटो काढला, फुग्यांच्या कमानीखाली, एका हातात गुलाब. संध्याकाळपर्यंत गावातल्या निम्म्या फोनवर ते फोटो स्टेटसला होते. लोक कौतुकाने ठेवतात. मीही एक ठेवला होता.

निकाल लागल्यावर तिचे वडील दाखला न्यायला आले. वडील शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहेत. चांगला ऊस, स्वतःची विहीर, ट्रॅक्टर, बोलायला अदबशीर. शाळेच्या कुठल्याही कामाला पहिले हजर. दरवर्षी पहिल्या दिवशी नव्या मुलांना वाजतगाजत शाळेत आणतात, ते यांच्याच ट्रॉलीतून. दाखला लवकर नेला म्हणून मी मनातल्या मनात त्यांना शाबासकी दिली. आठवीच्या प्रवेशाची घाई दिसते, म्हटलं.

मे महिन्यात बारामतीच्या भाजी मंडईत त्याच सहकारी बाई भेटल्या. मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "अहो, तुमच्या दत्तक लेकीचं जमलं म्हणे. फोटोवरूनच. कुणीतरी वधू-वरांच्या ग्रुपवर टाकला, आठवड्यात पाहुणे दारात."

आमच्या भागात शेती करणाऱ्या मुलांना मुली मिळत नाहीत. शिकलेल्या मुलीला पुण्यात नोकरीवाला हवा असतो. तिशी ओलांडलेली, घरचं बागायत असलेली मुलं बसून आहेत, आणि त्यांच्या आया प्रत्येक लग्नात, प्रत्येक बाजारात मुली हेरत असतात. साडीतला फोटो दिसला की त्या वय विचारत नाहीत. हे मला माहीत नव्हतं असं नाही. ते आणि आमचा निरोप समारंभ या दोन गोष्टी मी कधी एकत्र ठेवून पाहिल्या नव्हत्या.

दुसऱ्याच दिवशी मी मुख्याध्यापकांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, दाखला गेला. आता ती आपल्या पटावर नाही."

"मग कुणाच्या पटावर आहे?"

"आठवीत प्रवेश घेतला की त्या शाळेच्या."

"तोपर्यंत?"

"तोपर्यंत सुट्टी आहे हो," ते म्हणाले.

मी एकटीच गेले. घर टाइल्सचं, पुढे पडवी, जर्सी गाई. वडिलांनी खुर्ची दिली, गार पाणी मागवलं. ती आतल्या दाराशी उभी होती, एक वेणी, हातात ताट. माझ्याकडे बघून हसली. मी सरळ विषय काढला. कायदा सांगितला, वय सांगितलं, बाळंतपणाचे धोके सांगितले, घरभेटीला सांगतो ते सगळं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मॅडम, तुमी म्हणताय त्ये बराबर हाय," ते म्हणाले. "पर एक सांगा. पोरगी हुशार असती तर म्या पुण्याला ठिवून शिकवली असती, सोताचा ट्रॅक्टर इकून. तुमी वर्षभर बघितलीय. तुमीच सांगा, हाय का हुशार?"

ती दारातून माझ्याकडे बघत होती. तिला अपूर्णांक येत नाहीत हे तिच्या वडिलांना ठाऊक होतं, प्रगतिपत्रक त्यांच्याच सहीचं. मी म्हटलं, "मध्यम आहे. पण मध्यम मुलांनीही शिकायचं असतं."

"मध्यम," ते म्हणाले, आणि मान हलवली. आम्ही दोघं एकाच मताचे असल्यासारखी. "यष्टीनं रोज जायचं, यायचं, टवाळ पोरं फाट्यावर. कशासाठी? हे स्थळ चांगलं हाय. एकुलता हाय. पोरीला शेणाला हात लावाय लागायचा न्हाय."

"आणि तिला विचारलंत का?"

"विचारा की. अगं ये, मॅडमला सांग."

ती बाहेर आली. मला वाटलं आता प्रश्न विचारेल. नियम कुठं लिहिलाय, म्हणेल. ती पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "चहा ठिवलाय मॅडम. साखर किती टाकू?"

निघताना तिची आई गोठ्यापर्यंत आली. स्कूटीच्या हँडलवर हात ठेवून हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, म्या साडी दिली नव्हती. हाय का ध्येनात?"

"आहे," मी म्हटलं.

"माझाबी असाच फुटू काढला हुता. रोलचा कॅमेरा हुता तवा, तरीबी दिवाळीच्या आत लगीन झालं." तिने हात काढला. "घरात बोलून उपेग न्हवता. म्हून निस्ती साडी दिली न्हाय. तेवढंच माझ्या हातात हुतं."

मी स्कूटी सुरू केली.

मग मी करायचं ते सगळं रीतसर केलं. गावपातळीवर बालविवाह रोखायची जबाबदारी ग्रामसेवकाची, म्हणून त्यांना भेटले. ते म्हणाले, तारीख कळली की सांगा, नुसत्या बोलणीवर काय करणार. मुलांच्या मदतीसाठी जो फोन नंबर असतो त्यावर फोन केला. इंदापूरहून दोघंजण आले, बोलून गेले, वडिलांकडून लिहून घेतलं की अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही. वडिलांनी वाद न घालता सही केली, त्यांना चहा पाजला, आंब्याची पेटी गाडीत ठेवू लागले. ती मात्र त्यांनी घेतली नाही. तक्रार कुणाची हे गावात सगळ्यांना माहीत झालं. मला कुणी वाईट बोललं नाही. एक म्हातारा फाट्यावर एवढंच म्हणाला, "मॅडम, पोरं शिकवा. पोरींची लग्नं आमी बघतो."

आठवड्याने ती मामाच्या गावाला गेली. मामाचं गाव उजनीच्या पाण्यापलीकडे, दुसऱ्या जिल्ह्यात. सुट्टीत मामाकडे जाण्याला कोण हरकत घेणार? मी आठवीच्या शाळेत जाऊन चौकशी केली. प्रवेश झालेला नव्हता. तिथले सर भले होते. म्हणाले, "जागा ठेवतो मॅडम, पंधरा तारखेला पाठवा." मी तिच्या त्या मैत्रिणीकडून निरोप पाठवला की जागा ठेवलीय, एसटीचा पास निघेल. निरोप पोचला एवढं कळलं.

आज पायरीवर बसून पिना काढत होते तेव्हा तीच मैत्रीण गेटमधून आली. माझी स्कूटी दिसली म्हणून आली होती. उद्यापासून ती एसटीने जाणार. नवा ड्रेस, नवी सॅक, सगळं सांगून झालं. मोठ्या शाळेत बांगड्या चालतात का, विचारलं. मी म्हटलं, नियम तिथले विचार.

मग ती साडीकडे बघत उभी राहिली.

"काय गं?"

"मॅडम, तिनं स्टेटस ठिवलंय."

फोन माझ्यापुढे धरला. पिवळी साडी, कपाळाला हळद, कोपरापर्यंत हिरवा चुडा. एकटीचाच फोटो, मागे पत्र्याची भिंत. खाली काही लिहिलेलं नव्हतं. तोंड मात्र तेच, आता काहीतरी विचारेल असं. एवढ्यात मैत्रिणीने फोन मागे घेतला, कारण तिच्या आईने हाक मारली होती.

मी ग्रामसेवकांना फोन लावला. त्यांनी मामाच्या गावाचं नाव विचारलं, ते सांगितलं. "हळद आजची का कालची?" ते म्हणाले. मला माहीत नव्हतं. "जिल्हा दुसरा पडतो मॅडम. तिकडं कळवतो." मदतीच्या नंबरवरही सांगितलं. पलीकडच्या मुलीने सगळी माहिती पुन्हा पहिल्यापासून विचारली आणि नोंद घेतल्याचं सांगितलं. दोन-तीन तासांनी मीच परत फोन केला. तिकडचे लोक जाऊन आले होते. मांडव निघालेला होता. मुलगी सासरी गेली म्हणाले. सासर कुठलं, ते तिथे कुणी सांगितलं नाही. इकडे मुख्याध्यापकांनाही कळवलं. ते म्हणाले, "उद्याच्या कार्यक्रमाचं काय करू या? ट्रॅक्टर त्यांचाच सांगितलाय."

मी म्हटलं, "पुढच्या वर्षी निरोप गणवेशात."

"बघू," ते म्हणाले. "पालक ऐकतील का?"

मोरपंखी साडीच्या पिना काढून झाल्या होत्या. गंजाचे डाग राहिले होते. घडी घातली, पण ट्रंकेत ठेवली नाही. पोतेऱ्याच्या ढिगावर टाकली. बाकीच्या साड्या वारं लागलेल्या तशाच आत घातल्या. तेवढ्यात पाऊस भुरभुरायला लागला आणि मी बारामतीला परतले.

१५ जून, सोमवार. सकाळी लवकर निघाले. फाट्यावर आठवीची मुलं उभी होती. मुली एका बाजूला, मैत्रीण त्यांत. एसटी आली, त्या चढल्या, खिडक्यांसाठी भांडण झालं. मी स्कूटीवर पाय टेकून बस जाईपर्यंत थांबले. तिथे थांबायचं मला काही कारण नव्हतं. जागा ठेवणाऱ्या सरांना फोन करून सांगितलं की ती जागा दुसऱ्या कुणाला देऊन टाका.

गावाच्या वेशीवर ट्रॅक्टर तयार होता. ट्रॉलीला केळीचे खांब, फुगे, हलगीवाले दोघं. वडिलांनी पांढरा शर्ट घातला होता. मला पाहून खाली उतरले.

"या मॅडम. तुमची वाट बघत हुतो."

"तुमची मोठी लेक कुठंय?" मी विचारलं.

"हाय की. बरी हाय."

"मी काल सगळीकडे कळवलंय."

"कळवा की," ते म्हणाले, आवाज अजिबात न चढवता. "तुमचं कामच हाय त्ये. चढा, पोरं खोळंबल्याती."

ट्रॉलीत पहिलीची मुलं दाटीने उभी होती. कुणी रडत होतं, कुणी फुगा चावत होतं. ट्रॉली हलली की ही मुलं एकमेकांवर पडतात, दरवर्षीच, म्हणून एक शिक्षक आत लागतोच. कोपऱ्यात तिची धाकटी बहीण होती, यंदा पहिलीला. आईने दोन वेण्या घालून काळी रिबीन बांधून दिली होती.

मी चढले. धाकटीला पुढ्यात घेतलं आणि तिचे हात उलटे करून पाहिले. नखं वाढलेली होती. जुडग्यातलं नेलकटर काढलं आणि ट्रॉली हलायच्या आत एका हाताची उरकली. दुसऱ्या हाताची शाळेत गेल्यावर कापली.